ॲनीचं काम, सावळी लेक आणि लाल टोप

ओसरी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरचाच आहे, पण घरात बोलायची सोय राहिलेली नाही. नवरा म्हणतो, 'एवढं काय त्यात?' लेक म्हणते, 'आई, तू तिच्याशी काही बोलू नकोस.' म्हणून इथे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मी मूळची मिरजेची. लेक दहा वर्षांची आहे. तिचं नाव देत नाही, पण ते 'ज्ञ'नं सुरू होतं, एवढ्यावरून शाळेत तिचे काय हाल होत असतील ते समजून घ्या. गावातल्या मुलांच्या नाटक-गटात यंदा 'ॲनी' ही संगीतिका बसवतायत, आणि हिला खुद्द ॲनीचं काम मिळालंय. पन्नास-साठ पोरं आली होती ऑडिशनला. आठ दिवस माझी आई मिरजेहून व्हिडिओ कॉलवर तालीम घेत होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण 'टुमॉरो' या गाण्यातली ती वरची जागा आली की तिकडून ओरडायची, 'हनुवटी उचलू नको गं, सूर डोक्यातनं नाही, पोटातनं येतो.' निकालाची ईमेल आली तेव्हा मी लॅबमध्ये होते, हातात रक्ताच्या नळ्यांचा स्टँड. तो तिथंच ठेवला आणि कोल्ड रूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडून आले.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 1933 सालचं मंदीतलं न्यूयॉर्क, अकरा वर्षांची अनाथ मुलगी, अनाथाश्रमाची दारुडी बाई मिस हॅनिगन, सँडी नावाचा भटका कुत्रा, गळ्यात अर्धं लॉकेट, आणि नाताळापुरतं तिला बंगल्यावर नेणारा टकला गडगंज वॉरबक्स. शेवटी तो तिला दत्तक घेतो. आणि हो, ॲनीचे केस लाल. पोस्टरवर तेच असतात, लाल झगा आणि लाल कुरळे केस.

तर पहिल्या वाचनाला दिग्दर्शिकाबाई एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि तिच्यातनं टोप काढला. लाल म्हणजे गाजरासारखा लाल. आतल्या जाळीला आधीच्या दोन-तीन ॲनींच्या घामाचा वास. माझ्या लेकीचे केस कमरेपर्यंत, दाट, रविवारी तेल लावून घातलेली एक वेणी. त्या वेणीचा अंबाडा करून त्यावर बाईंनी टोप चढवला, तर तो भांड्यावर न बसणाऱ्या झाकणासारखा वरच डुगडुगायला लागला. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, लेकही हसली. मग बाई हनुवटी धरून तिचा चेहरा इकडे तिकडे वळवत म्हणाल्या, 'काळजी करू नका, फाउंडेशनची छटा एक-दोन घरं वर घेऊ, म्हणजे केसांना शोभेल.'

अगदी सहज म्हणाल्या, प्रेमानंच. पण मला ते घशात अडकलंय.

शनिवारी-रविवारी बसून आम्ही दोघींनी जेवढ्या मिळाल्या तेवढ्या 'ॲनी' पाहिल्या. आधी 2014च्या सिनेमातली. सुरुवातीलाच वर्गात एक लाल केसांची गोरी ॲनी निबंध वाचून गिरकी घेते, पोरं कंटाळलेली. मग बाई दुसऱ्या ॲनीला बोलावतात आणि मागच्या बाकावरून क्वव्हेंझने वॉलिस उठते. काळी मुलगी, स्वतःचे केस. मी सोफ्यावर टाळी वाजवली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, 'आई, अजून गाणं सुरू पण नाही झालं.'

मग 1982ची. तिच्यात वॉरबक्सचा एक अंगरक्षक आहे. भलाथोरला उंच, डोक्याला फेटा, बोलणं गूढ, आणि नाव काय, तर पंजाब. नाव हं! म्हणजे एखाद्या माणसाला 'ए महाराष्ट्र, जरा पाणी आण' म्हणावं तसं. शेवटी ॲनी पुलावर लोंबकळत असते तेव्हा हा वरून उडत्या यंत्रातनं आपला फेटा सोडतो आणि त्या कापडाला धरून खाली येतो. लेकीनं विचारलं, 'आई, हा आपल्याकडचा आहे का?' मी म्हटलं, 'नाही गं, हा कुणाकडचाच नाही.'

प्रश्न असा: टोपाला आणि त्या उजळ फाउंडेशनला नाही म्हणावं का? म्हणायचं तर कसं, की पोरीचं काम जाणार नाही आणि मी 'ती कटकटी आई' ठरणार नाही?

आणि एक सांगायचं टाळत होते. लेकीला टोप हवाय.

---

परखड_सातारकर

ताई, अभिनंदन. आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

ॲनी लाल केसांचीच आहे. लेखकानं तशी लिहिली, तशी काढली. उद्या आपल्या झाशीच्या राणीचं काम कुणी सोनेरी केसांच्या पोरीला दिलं आणि वर म्हणाले की तिला नऊवारी टोचते, जीन्समध्ये लढू द्या, तर तुम्हीच इथे धागा काढाल. ती 2014ची ॲनी मला तरी ओढूनताणून केलेली वाटली. सगळ्या रंगांची एकेक बाहुली टोपलीत भरली की झाला सिनेमा, अशी हल्ली रीत झालीय. पात्राला त्याचा पोशाख असतो. टोप घाला, गाणं म्हणा, टाळ्या घ्या. फाउंडेशनचं मात्र पटलं नाही, तिथं ठाम नाही म्हणा.

---

रद्दीचा_गठ्ठा

मी जुन्या कॉमिक्सचा शौकीन, त्यामुळे 'लेखकानं तशी लिहिली' हे वाचून राहवलं नाही. लांबण लागली तर सोडून द्या.

ॲनी जन्मली 5 ऑगस्ट 1924 रोजी, न्यूयॉर्क डेली न्यूजच्या पानावर. चित्रकार हॅरॉल्ड ग्रे. नावसुद्धा त्याचं नव्हे, जेम्स व्हिटकम रायली या कवीच्या 1885 सालच्या एका कवितेवरून उचललेलं. ग्रेच्या चित्रांत ॲनीला डोळ्यांत बुबुळं नाहीत, नुसती दोन पांढरी अंडी. पाहिलंत तर दचकाल. म्हणजे 'मूळ' पाळायचंच झालं तर सातारकरांनी पोरीच्या डोळ्यांचंही काही बघायला हवं.

खरी गंमत पुढे आहे. हा ग्रे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा कट्टर विरोधक. गरिबानं आपल्या हिमतीवर वर यावं, सरकारनं हात घालू नये, असं त्याचं तत्त्वज्ञान, आणि त्याचा वॉरबक्स म्हणजे युद्धाच्या सामानावर श्रीमंत झालेला भांडवलदार. रूझवेल्टच्या राजवटीवर तो एवढा चिडला होता, की 1944 साली त्यानं चक्क वॉरबक्सला मारून टाकलं. 1945त रूझवेल्ट गेले आणि वॉरबक्स परत जिवंत झाला! आणि 1977त ब्रॉडवेवर संगीतिका आली तेव्हा तिच्या लेखक-संगीतकारांनी काय केलं? ॲनीला थेट रूझवेल्टसमोर उभं केलं, तिच्या 'टुमॉरो'वरून त्यांना 'न्यू डील' ही मंदीवरची योजना सुचली असं दाखवलं आणि वॉरबक्सलाही त्यात गायला लावलं. ग्रे 1968लाच वारला होता म्हणून बरं. त्या संगीतिकेचे 2,377 प्रयोग झाले. ज्या कलाकृतीनं मूळ लेखकाचं राजकारण उलटं करून टांगलं तिला लोक 'अस्सल' म्हणतात, आणि केसांचा रंग बदलला की आभाळ कोसळतं.

आता पंजाब. हे पात्र ग्रेनंच 1930च्या दशकात आणलं, अंगात जादू असलेला पौर्वात्य सेवक. 1982च्या सिनेमात ते काम केलं जेफ्री होल्डर यांनी. ते त्रिनिदादचे, आफ्रिकी वंशाचे, नर्तक, चित्रकार, वेशभूषाकार. आणि ऐका, याच माणसाला 1975त 'द विझ'साठी टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला होता, दिग्दर्शनाचा आणि वेशभूषेचाही. 'द विझ' म्हणजे गोऱ्या पोरांची परीकथा सगळ्या कृष्णवर्णीय कलाकारांनी उभी केलेली संगीतिका! म्हणजे क्वव्हेंझने वॉलिसच्या कितीतरी आधी ज्यानं हा दरवाजा लाथ मारून उघडला, त्याच माणसाला सात वर्षांनी हॉलिवूडनं फेटा बांधून 'पंजाब' केलं. त्रिनिदादमध्ये आपल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, अख्खी पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. पण त्यांच्यातला कुणी शोधायची गरज कुणाला वाटली?

एक काळी बाजूही सांगतो. संगीतिकेत वॉरबक्सचा बंगला फिफ्थ ॲव्हेन्यूवर आहे. त्याच रस्त्यावर एकेकाळी कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय होतं, 1836 साली स्थापन झालेलं. जुलै 1863च्या दंगलीत गोऱ्या जमावानं ते जाळलं. आतली दोनशेहून जास्त मुलं बाहेर काढली म्हणून वाचली. न्यूयॉर्कची अनाथ मुलगी काळी असणं 'ओढूनताणून' आहे म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

झाशीची राणी होऊन गेलेली बाई आहे. ॲनी म्हणजे शाई. हा फरक तर धराल? आणि आपणच पोशाख-पोशाख म्हणायचं तर बालगंधर्वांचा शालू नि नथ कुठं ठेवायची? ओसरीताईंच्या मिरजेत तर त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

---

परखड_सातारकर

गठ्ठाकाका, बुबुळांवर हसलो, मान्य. बालगंधर्वांवरून मात्र चुकताय. ते पुरुष होते, पण प्रेक्षकाला बाईच दिसावी म्हणून त्यांनी जीव टाकला. शालू नेसले, नेसायला नकार नाही दिला. माझं म्हणणं तेच आहे, ॲनी व्हायचं तर ॲनीसारखं दिसा.

---

ओसरी

सातारकरभाऊ, राग नाही. उलट तुमच्या झाशीच्या राणीवरून एक आठवलं, ते मी मूळ धाग्यात लिहायला लाजले होते. लिहूनच टाकते.

इथल्या एका मराठी मंडळात (नाव विचारू नका) गणपतीत मुलांची नाटुकली होतात. लेक सहा वर्षांची असताना रामायण होतं. हिचं मराठी त्या सगळ्या पोरांत स्वच्छ, कारण आजीशी रोज तासभर बोलते. हिनं सीतेची वाक्यं घरी आपणहून पाठ केली. मिळालं काय, तर वानर. पुढच्या वर्षी कृष्णाच्या गोष्टीत पुतना. मी म्हटलं जाऊ दे, पुतनेला वाक्यं जास्त आहेत. त्याच्या पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांवर होतं, आणि ही जिजाबाई मागायला गेली. बसवणाऱ्या ताई माझ्यासमोर, पोरीसमोर, हसत हसत म्हणाल्या, 'अगं, जिजाऊ जरा उजळ लागते ना स्टेजवर.' जिजाऊ! गंमत म्हणजे कृष्णाच्या नाटुकल्यात कृष्णसुद्धा गोराच होता, गालाला निळी पावडर फासलेला. रंगानं खरा कृष्ण तिथे पुतनेचं काम करत होता.

त्या दिवशी गाडीत लेक काही बोलली नाही. घरी येऊन माझ्या ड्रॉवरमधली क्रीम बघत बसली होती. मी मंडळ सोडलं. लोकांना वाटतं वर्गणीवरून सोडलं.

म्हणून हे ॲनीचं काम मिळालं तेव्हा मी कोल्ड रूममध्ये रडले. नुसतं काम मिळालं म्हणून नव्हे. आपल्या माणसांनी जे दिलं नाही ते परक्यांनी दिलं, असं वाटलं होतं. आणि मग ती पिशवी निघाली, आणि 'एक-दोन घरं वर'. म्हणजे इथनं तिथनं एकच. काम देताना हरकत नाही, दिसताना आहे.

तुम्ही म्हणता ॲनीसारखं दिसा. मला एवढंच विचारायचंय, ॲनीसारखं म्हणजे कुणासारखं?

---

पाचवी_रांग

शिकागोहून. आधी कबुली देतो, 2014चा 'ॲनी' हा काही चांगला सिनेमा नाही. गाण्यांच्या आवाजावर यंत्राची एवढी इस्त्री फिरवलीय की माणूस गातोय का मोबाइल, कळत नाही. हॅनिगन झालेली कॅमेरून डायझ सबंध सिनेमाभर ओरडते. वाईट सिनेमांना जे रॅझी पुरस्कार देतात त्यांतला रिमेक वगैरेंसाठीचा त्याला मिळाला आणि मला आश्चर्य वाटलं नाही. तरी वॉलिसला गोल्डन ग्लोबचं नामांकन होतं, 'ऑपॉर्च्युनिटी' या नव्या गाण्यालाही होतं, आणि ते गाणं ती गुगनहाइम संग्रहालयातल्या समारंभात म्हणते तो एक प्रसंग खरंच जमलाय. त्यानंतर तिला भाषण वाचायला सांगतात आणि ती पळून जाते. का, तर तिला वाचताच येत नसतं. जुन्या कुठल्याच ॲनीत हे नव्हतं. सरकारी व्यवस्थेत या घरातून त्या घरात फिरलेल्या मुलीचं हे इतकं खरं आहे, की तेवढ्यासाठी मी बाकीचं माफ केलं.

कारण तिथंच सिनेमानं नुसता रंग बदलला नाही, गोष्ट हलवली. अनाथाश्रमाच्या जागी हार्लेममधलं फॉस्टर घर आहे, म्हणजे पोरांना तात्पुरतं सांभाळणारं घर. हॅनिगन मुलं सांभाळते ती सरकारकडून पैसे मिळतात म्हणून. कुणी ॲनीला अनाथ म्हटलं की ती ठणकावते, अनाथ नाही, फॉस्टर. दर शुक्रवारी एका हॉटेलसमोर जाऊन बसते, आईबाप तिथंच सोडून गेले म्हणून. 2014 साली या देशात चार लाखांवर मुलं फॉस्टर व्यवस्थेत होती. त्यांत साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय, आणि देशातल्या एकूण मुलांत त्यांचं प्रमाण सातव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा त्या काळातली ॲनी काळी असणं ही टोपली भरणं नव्हे, सातारकर. उलट आधीचीच पोरं जास्त गोरी होती.

निर्मात्यांत रॅपर जे-झी होता हेही योगायोगानं नव्हे. 1998त त्यानं या संगीतिकेतलं 'हार्ड नॉक लाइफ' उचलून आपलं रॅप बनवलं. परवानगीसाठी जे पत्र लिहिलं त्यात लहानपणी निबंध स्पर्धा जिंकून 'ॲनी'चा प्रयोग पाहायला मिळाला अशी चक्क थाप मारली होती, आणि पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच कबूल केली. पण ब्रुकलिनच्या सरकारी चाळींतल्या पोराला त्या गोऱ्या लाल केसांच्या पोरीच्या गाण्यात आपलं घर दिसलं, ही थाप नव्हती.

ओसरीताई, तुमच्या लेकीला एक गोष्ट जरूर सांगा. 2013च्या ऑस्करला वॉलिस नऊ वर्षांची होती, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात आजवरची सगळ्यांत लहान. ॲनीच्या भूमिकेची बातमी तेव्हा ताजी होती. रेड कार्पेटवर एका बातमीदारानं तिला सांगितलं, मी तुला आता ॲनीच म्हणणार. पोरगी म्हणाली, 'माझं नाव ॲनी नाही. क्वव्हेंझने आहे.' 'ज्ञ'वाल्यांच्या उपयोगाची आहे.

---

शेवंतीची_आई

पुण्याहून लिहितेय. दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहू की नको असं चाललंय. सगळे केसांवर बोलताय, ते बरोबरच आहे. पण त्या मुलीला आईबाप नाहीत, यावर फक्त पाचव्या रांगेनं दोन ओळी लिहिल्या.

माझी मुलगी दत्तक आहे. चौदा महिन्यांची असताना घरी आली, आता बारा वर्षांची आहे. सावळी. संस्थेतून आणली त्या दिवशी आमच्या नात्यातल्या एक बाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, 'बघूनच घ्यायची होतीस ना, जरा उजळ.' भाजी आणल्यासारखं. आता कॅराच्या, म्हणजे दत्तक देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, अर्जात वय विचारतात, मुलगा का मुलगी विचारतात, राज्य विचारतात. रंग विचारत नाहीत, देव त्यांचं भलं करो. लोक मात्र अजून विचारतात.

आम्ही 2014चाच 'ॲनी' पाहिला होता, ती आठ वर्षांची असताना. गाणी आहेत, मुलांचा सिनेमा आहे म्हणून मी काही न वाचता लावला. 'मेबी' नावाचं एक गाणं आहे, रात्री ॲनी आपले आईबाप कसे असतील ते गाते. ते लागलं आणि माझा हात रिमोटवर गेला. हिनं माझा हात धरला. म्हणाली, 'नको, परत लाव.' चार वेळा लावलं. चौथ्या वेळेला तीही गुणगुणत होती, शब्द कळत नसताना.

पुढे खोटे आईबाप येतात. पैशासाठी माणसं उभी केलेली असतात, आणि ॲनी आनंदानं त्यांच्याबरोबर गाडीत बसते. तिथं मात्र ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा नळ सोडून उभी राहिली. मी गेले तर म्हणाली, 'तिला कळत कसं नाही गं?' मला उत्तर सुचलं नाही. सिनेमावाल्यांना तो प्रसंग पाठलागासाठी हवा असतो. आमच्या घरात तो वेगळाच दिसला.

तर ओसरी, तुमच्या प्रेक्षकांत अशी एखादी मुलगी असू शकते. तिला केस लाल आहेत का काळे, हे दिसेलही, पण 'मेबी' म्हणताना तुमची लेक खरंच कुणाची वाट बघतेय का, हे आधी दिसेल. तालमीत त्याकडे बघा, एवढंच. टोपाबद्दल मला वाटतं लेकीला विचारा की तिला तो का हवाय. आपण आया पटकन लढायला उभ्या राहतो आणि कुणासाठी ते विचारायचं राहतं.

---

परखड_सातारकर

शेवंतीताई, वाचलं. मी गप्प.

(सरकारी चाळींतल्या पोराचं पटलं. जिजाऊंचं वाचून तर त्या मंडळाच्या ताईंना साताऱ्याला एकदा बोलवावंसं वाटलं.)

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मधे तालमी, माझ्या रात्रपाळ्या आणि घरात ताप.

शेवंतीच्या आईंचं वाचून लेकीला विचारलं. वेणी घालता घालता विचारलं, म्हणजे तोंड पलीकडे असतं. म्हटलं, 'टोप का हवाय तुला?' मला वाटलं म्हणेल, ॲनी तशीच असते. म्हणाली, 'कारण त्याच्यात मी कुणालाच ओळखू येणार नाही. चुकले तर ॲनी चुकली.' मग थोडं थांबून, 'आणि पुतनाला पण टोप होता. तेव्हा मला मज्जा आली होती.' आली होती म्हणे! मी तीन वर्षं त्या पुतनेवरून जळतेय.

क्वव्हेंझनेची गोष्ट सांगितली. दोनदा सांगायला लावली. दुसऱ्या दिवशी शाळेत बदली शिक्षकानं हजेरी घेताना नावापाशी अडखळून 'जी' म्हणू का विचारलं, तर ही म्हणाली, 'नाही, ज्ञ,' आणि त्यांना तीनदा म्हणायला लावलं. शिक्षकांचं शेवटी 'ग्न्या'वर अडलं. तेवढ्यावर सोडलं तिनं.

दिग्दर्शिकाबाईंना मी ईमेल लिहिली, चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवली. फाउंडेशनबद्दल सरळ लिहिलं, की तिचा रंग आहे तोच राहील, छटा मी घरून आणेन. बाईंचा रात्री फोन आला. आधी गडबडल्या, प्रकाशयोजनेचं काहीबाही सांगायला लागल्या, मग म्हणाल्या, 'मी असं बोलले हे माझ्या लक्षातही नव्हतं.' मला ते खरं वाटलं, आणि त्यानं बरंही वाटलं नाही. पण फाउंडेशनचा विषय संपला.

टोपाचं असं ठरलंय. ब्रॉडवेपासून अनेक प्रयोगांत ते प्रसिद्ध लाल कुरळे केस शेवटच्या नाताळच्या प्रवेशातच येतात, आधी ॲनी आपली साधीच असते. हे बाईंनीच सांगितलं. तेव्हा सगळं नाटक वेणीवर, आणि शेवटच्या प्रवेशाला टोप घालायचा की नाही ते लेकीनं ठरवायचं. आता अडचण ही की अजून तो टोप बसतच नाही. आईला व्हिडिओवर दाखवला. ती म्हणाली, 'अगं, आमच्या सांगलीकडं नाटकवाले आधी डोक्याला ओलं फडकं आवळून बांधायचे, मग टोप. आणि अंबाडा कशाला, वेणी डोक्याभोवती गुंडाळ.' काल रात्री बारा वाजता मी, लेक आणि मिरजेहून आई, तिघी न्हाणीघराच्या आरशापुढं. तसं केलं तर बसला. हललाही नाही. लाल टोपाखाली सावळा चेहरा आणि कानामागं सुटलेली एक काळी बट. तिनं स्वतःकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, 'खाजतंय गं.'

प्रयोग पुढच्या शनिवारी आहे. 'मेबी' ती अजून घाईत म्हणते, ते बघतेय. सँडीचं काम सातारकरभाऊंना चालेल अशा सोनेरी केसांच्या मुलाला मिळालंय, आणि त्याच्या आईची तक्रार आहे की कुत्र्याला एकही वाक्य नाही.